डार्करूममधला भार

डार्करूमची चावी कोणाकडे आहे, हे मी त्या रुग्णालयात तिघांना विचारलं. वायरमन म्हणाले, डॉक्टरसाहेबांकडे. डॉक्टर म्हणाले, सिस्टरकडे असेल. सिस्टर म्हणाल्या, "ती खोली कायमची बंद आसा. चावी खंय गेली, देव जाणे." मी परत जाऊन दाराचं कुलूप बघितलं. आमच्या खाऱ्या हवेत न वापरलेलं कुलूप एका पावसाळ्यात गंजून चिकटतं. या कुलपाच्या भोकाभोवती तेलाचा ओला डाग होता. बोट लावलं तर बोट काळं झालं.

पूर्वी एक्स-रेच्या फिल्म तिथे अंधारात धुवायचे, म्हणून ती डार्करूम. कॉम्प्युटरवर एक्स-रे दिसायला लागल्यापासून तिचं कोणाला काम उरलं नव्हतं. तरी कुलपाला तेल होतं.

मी तेव्हा कुडाळच्या एका लहान कंपनीत होते. साहेब धरून आम्ही चार माणसं. सरकारी कार्यालयं, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी इंटरनेटची यंत्रं बसवायची असली की आधी जाऊन पाहणी करायची: लाइन कुठून आणायची, यंत्रांचं कपाट कुठे उभं करायचं, वीज गेल्यावर ते किती तास चालेल आणि कशावर. हे सगळं कागदावर मांडून द्यायचं काम माझं. मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या त्या ग्रामीण रुग्णालयाला फायबरने जोडायचं ठरलं होतं, म्हणजे तिथले डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणच्या तज्ज्ञांशी पडद्यावर बोलू शकतील, हृदयाचा आलेख पाठवू शकतील. काम चांगलं होतं आणि मी तिथे पहिल्या दिवसापासून संशय घेऊन वावरत होते.

त्याला कारण होतं. त्याआधी मी दुसऱ्या एका कंपनीत मोबाइल टॉवरचं काम बघायचे, रेडीच्या बाजूला. तिथे एका टॉवरवर एक वयस्कर राखणदार होते. मी त्यांना मामा म्हणायचे. गेलं की ते शहाळं सोलून हातात द्यायचे आणि जनरेटरच्या डिझेलची वही पुढे करायचे. मी न मोजता सही करायचे, कित्येक महिने. डिझेल भलतीकडेच जात होतं. चौकशी झाली तेव्हा प्रत्येक पानावर सही माझी होती. मला नोकरी सोडावी लागली. तेव्हापासून मी कोणालाही मामा म्हणत नसे आणि मोजल्याशिवाय कोणाचं ऐकत नसे.

या रुग्णालयातल्या वायरमनना सगळे वायरमनकाका म्हणत. निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिलेली, अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशात टेस्टर. मी मूळची कुडाळची, त्यामुळे त्यांच्याशी मालवणीतच बोलायला सुरुवात केली. ते मात्र मला कार्यालयात बोलावं तसं पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. "सदर खोली वापरात नाही." "त्याची मला माहिती नाही." इतर सगळ्यांशी ते मालवणीत बोलत. माझ्या बाबतीत भाषासुद्धा कुलूप लावून ठेवल्यासारखी.

पहिल्या दिवशी मी फायबरची वाट बघितली. फायबर म्हणजे आतून केसाएवढा काचेचा धागा. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. फार वळवला तर प्रकाश वाटेतच गळतो. म्हणून वाट होईल तेवढी सरळ आणि आखूड ठेवायची. रस्त्यावरच्या खांबापासून पूर्वेच्या भिंतीने सरळ आलं की चाळीस पावलांत कार्यालय. मी भिंतीवर खडूने खूण करायला लागले.

"या भिंतीवरून नको," वायरमनकाका म्हणाले.

"का?"

"वरून माडाची झावळी पडते. केबल तुटेल."

मी वर बघितलं. भिंतीलगत माड होता खरा, पण त्याला शेंडाच नव्हता. कधीतरी वीज पडून नुसता काळा बुंधा उभा राहिला होता.

"काका, ह्या माडाक चुडता खंय आसत?"

त्यांनीही मान वर केली, जणू तो माड आजच बघत होते. "पूर्वी पडायच्या," ते म्हणाले. "विहिरीकडून न्या. थोडं लांब पडेल."

विहिरीकडून नव्वद पावलं होती आणि तीन वळणं. मी मान डोलावली आणि ते गेल्यावर पूर्वेच्या भिंतीच्या बुडाशी वाकून बघितलं. एक वीतभर रुंदीचा पट्टा उकरून पुन्हा बुजवलेला होता. वर चिऱ्याचे तुकडे दाबून बसवले होते, बाकीच्या जमिनीवर होतं तसं शेवाळ त्यांच्यावर नव्हतं. पट्टा इन्व्हर्टरच्या खोलीपासून निघून डार्करूमच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत जात होता. मी त्याचे फोटो काढले.

मग इन्व्हर्टर. रुग्णालयात आधीपासून एक इन्व्हर्टर होता, दोन मोठ्या बॅटऱ्यांचा. प्रसूतीच्या खोलीतला दिवा, कार्यालयातले दोन कॉम्प्युटर, औषध देण्याच्या खिडकीवरची ट्यूब, एवढंच त्याच्यावर चालायचं. माझ्या हिशेबाने वीज गेल्यावर तो सहा तास चालायला हवा होता. सगळे सांगत होते, तीन तासही टिकत नाही. बॅटऱ्या वर्षापूर्वीच नव्या घातलेल्या.

"ठेकेदाराने खराब बॅटऱ्या दिल्या," वायरमनकाका म्हणाले.

बॅटऱ्या मी तपासल्या. उत्तम होत्या. मग मी एकेक करून सगळं बंद करायला लावलं. दिवा बंद, ट्यूब बंद, कॉम्प्युटरच्या पिना काढून ठेवल्या. माझ्याकडे एक मीटर आहे, चिमट्यासारखा. तारेभोवती नुसता अडकवला की तारेतून किती वीज जातेय ते दाखवतो, तार कापावी लागत नाही. इन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तारेला तो अडकवला. सगळं बंद असूनही मीटर जवळजवळ एक अँपिअर दाखवत होता. मी बघत असतानाच खटकन शून्यावर आला. मला वाटलं, माझंच काही चुकलं. पाव तास तिथेच उभी राहिले. पुन्हा एक अँपिअर.

थोडा वेळ चालायचं, थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा चालायचं, हे कोण करतं ते घरात फ्रिज असलेल्या कोणालाही कळेल.

मागे वळले तर वायरमनकाका दारात उभे होते. किती वेळ उभे होते, माहीत नाही.

"मीटर जुना आहे का तुमचा?" त्यांनी विचारलं.

"नवा आहे. काका, ह्या इन्व्हर्टरवर आनी काय जोडलला आसा?"

"काही नाही."

मी त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं होतं आणि त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं होतं. माझ्यासाठी ते पुरेसं होतं. रेडीचे मामाही असंच बघायचे.

चार दिवसांनी उरलेली मापं घ्यायला गेले, तेव्हा स्कूटर लावतानाच मला वायरमनकाका दिसले. डार्करूमच्या बोळातून येत होते, हातात थर्माकोलचा लहान डबा. एसटीच्या थांब्यावर एक म्हातारी बसली होती. त्यांनी डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिने झाकण उघडून आत बघितलं, बंद केलं, सुतळी बांधली. डब्याच्या कोपऱ्यातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. आमच्या किनाऱ्यावर थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून लोक एकच वस्तू नेतात. आपण दवाखान्याच्या विजेवर मासळीचा फ्रिज चालवणारा माणूस पकडला, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

तरी मी सिस्टरना विचारलं. मसुरे गावच्या त्या, वीसेक वर्षं त्याच रुग्णालयात. इंजेक्शनचा ट्रे पुसत होत्या.

"सिस्टर, वायरमनकाका मासळीचा धंदा करतात का?"

त्यांचा हात थांबला. "कोनी सांगल्यान?"

"कोणी नाही. मीच विचारते."

"तू लायनचा काम करुक इलंस मा? मगे लायनीचा बघ," त्या म्हणाल्या आणि ट्रे उचलून आत गेल्या.

म्हणजे याही सामील, असं मी धरलं. त्या संध्याकाळी घरी बसून मी अहवाल लिहिला. फायबरची वाट, कपाटाची जागा, बॅटऱ्यांचा हिशेब, आणि शेवटी वेगळा परिच्छेद: 'इन्व्हर्टरवर अनधिकृत भार आढळला. जमिनीखालून टाकलेली वायर एका कुलूपबंद खोलीत जाते. रुग्णालयाची वीज खासगी कामासाठी वापरली जात असल्याची शक्यता आहे. संबंधित कर्मचाऱ्याने माहिती देण्याचे टाळले.' सोबत फोटो. साहेबांनी तो वाचला की नाही कोण जाणे, दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या कार्यालयाला पाठवून दिला. एक प्रत डॉक्टरांना गेली.

डॉक्टर लातूरकडचे, तरुण, पहिलीच नेमणूक. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला होता. "मॅडम, आधी मला तोंडी सांगायचं होतं. तुम्ही थेट वर कळवलंत. आता या. तुमच्यासमोरच खोली उघडतो."

मी गेले. बोळात डॉक्टर, सिस्टर, वायरमनकाका आणि मी. डॉक्टरांनी कुलूप तोडायला हातोडा मागवला होता. वायरमनकाकांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढला. त्याला चावी होती. कुलूप आवाज न करता उघडलं.

आत एक जुना बुटका फ्रिज होता, कोणाच्या तरी घरातला. दाराचं रबर सुटलेलं, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेली. डॉक्टरांनी ती सोडली आणि दार उघडलं. आत कप्प्यांवर स्टीलचे पेले ओळीने मांडलेले. प्रत्येक पेल्याला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलेली आणि तिच्यावर बॉलपेनने नाव, वाडी, तारीख. पेल्यांत लहान लहान बाटल्या. डॉक्टरांनी एक बाटली काढून उजेडाकडे धरली.

"इन्सुलिन आहे," ते म्हणाले.

वरच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवलेल्या पाण्याच्या पिशव्या होत्या. त्यांच्या मागे आणखी एक पिशवी. डॉक्टरांनी ती ओढून काढली. चार-पाच बांगडे.

"ते माझे," वायरमनकाका म्हणाले. तेवढंच बोलले आणि बोळातून बाहेर गेले.

बाकीचं सिस्टरनी सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात वादळ झालं, तेव्हा डोंगराकडच्या वाड्यांवर दोन आठवडे वीज नव्हती. खांब आडवे, रस्त्यावर झाडं. साखरेच्या आजाराच्या लोकांना रुग्णालयातून महिन्या-दोन महिन्यांचं इन्सुलिन एकदम मिळायचं. ते घराघरांतल्या बंद फ्रिजमध्ये उन्हाळ्याने तापलं आणि त्यातला जोर गेला. बाटली बघून ते कोणाला कळत नाही. लोक टोचून घेत राहिले. तिघांना इथे आणून दाखल करावं लागलं. त्यातली एक वायरमनकाकांची बायको. तिच्या पायाला जखम झाली ती भरलीच नाही, अंगठा काढावा लागला. त्यानंतर त्यांनी घरातला फ्रिज उचलून इथे आणला. वाडीतली माणसं आपापली बाटली ठेवायची, आठवड्याला लागेल तेवढी घेऊन जायची. आधीच्या डॉक्टरना ठाऊक होतं, त्यांनी कानाडोळा केला. नव्या डॉक्टरना कोणी सांगितलं नाही.

"पण मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. "मी विचारलं होतं. त्यांनाही आणि तुम्हालाही."

"इचारलंस?" सिस्टर म्हणाल्या. "तू इचारलंस नाय गो, तू चौकशी केलंस. भिंतीचे फोटू काढून ऱ्हवलंस. तुका कोन सांगतला?"

डॉक्टर आम्हा दोघींपैकी कोणाचीच बाजू घेत नव्हते. ते खोलीत उभे राहून पेले मोजत होते. "यातली एखादी बाटली चुकीच्या माणसाला गेली असती तर?" ते म्हणाले. "हा फ्रिज किती अंशावर चालतो, कोणी बघितलंय? साधा थर्मामीटरसुद्धा नाही यात." तेही खरंच होतं. मला ते पटलं आणि पटलं म्हणून जास्त त्रास झाला.

जिल्ह्याच्या कार्यालयातून वायरमनकाकांना नोटीस आली. दोन दिवसांत खोली रिकामी करायची होती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. लोक येऊन आपापल्या बाटल्या नेत होते, सिस्टर नाव वाचून हातात देत होत्या. एसटीच्या थांब्यावर दिसलेली म्हातारीही आली. तिने माझ्याकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी उडवली.

"हीच काय ती?" तिने सिस्टरना विचारलं.

"होय."

म्हातारीने डबा पदराखाली झाकून घेतला आणि माझ्या बाजूने न जाता पलीकडच्या पायऱ्यांनी उतरली.

मी तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. "सर, रुग्णालयाचा स्वतःचा इन्सुलिनचा साठा कुठे असतो?"

"औषधांच्या खोलीत. फ्रिज आहे ना."

"तो इन्व्हर्टरवर आहे?"

"नाही."

"मग वीज गेल्यावर?"

"लसीचा फ्रिज वेगळ्या बनावटीचा असतो, तो बरेच तास थंड राहतो. त्याला धोका नाही. पण औषधांचा साधाच आहे. सिस्टर बर्फ ठेवतात."

म्हणजे ज्या फ्रिजला बॅटरी पाहिजे होती त्याला ती नव्हती आणि जो फ्रिज नसायला पाहिजे होता त्याला ती होती. मी माझा आराखडा पुढ्यात घेतला. डॉक्टरांना म्हटलं, लोकांना महिन्याऐवजी पंधरा दिवसांचंच औषध द्या. उरलेलं तुमच्याच साठ्यात, तुमच्याच नोंदवहीत राहू दे. मग कोणाची खासगी बाटली इथे नसेल, सगळं रुग्णालयाचं. मात्र औषधांचा फ्रिज माझ्या बॅकअपवर घ्यावा लागेल. त्याच्यासाठी मी वेगळा फाटा काढते. बॅटरी उतरायला लागली की आधी इंटरनेटचं कपाट बंद पडेल, फ्रिज शेवटपर्यंत चालू राहील.

डॉक्टरांनी आराखडा स्वतःकडे ओढला. "हे तुम्ही आता का सुचवताय?"

"आता कळलं म्हणून."

"लेखी द्या," ते म्हणाले. "आणि यावेळी आधी मला दाखवा."

आमच्या साहेबांनाही शंका आली. "आपलं काम नेटवर्कचं. त्यात फ्रिज कुठून घुसला? मनाला लागलंय म्हणून दोनाच्या चार बॅटऱ्या करतेस काय?" मी त्यांना हिशेब दाखवला. एकाच इन्व्हर्टरवर सगळं ठेवलं तर आज ना उद्या कोणीतरी असाच चोरून फ्रिज जोडणार आणि आपलं कपाट तीन तासांत बंद पडणार, हे सांगितल्यावर ते ऐकले. मनाला लागलं होतं, ते मी नाकारलं नाही. जिल्ह्याच्या कार्यालयाने तीनदा लेखी विचारलं, हा फ्रिज कोणाचा, औषधं कोणाची, जबाबदारी कोणाची. मी तीनदा लेखी उत्तर दिलं.

मंजुरी आली आणि काम सुरू झालं. पहिल्या दिवशी मी पूर्वेच्या भिंतीशी खडू घेऊन उभी होते. वायरमनकाका आले. जमिनीखालची त्यांची वायर त्यांनी आधीच उपटून गुंडाळून ठेवली होती.

"आता हयसून मारा," ते म्हणाले. "माड सुको आसा, म्हायत आसा माका."

माझ्याशी ते पहिल्यांदाच मालवणीत बोलले. त्यात गोडवा नव्हता. लपवायचं काही उरलं नाही म्हणून भाषा लपवायची गरज संपली, इतकंच.

त्यानंतर माझ्यावर नजर ठेवायचं काम त्यांनी घेतलं. केबल भिंतीत शिरते तिथे मी प्लास्टिकची नळी बसवली, तर नळीचं तोंड खाली झुकवलंय का ते त्यांनी वाकून बघितलं, नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून ओघळून आत येतं. फायबर जोडणारा माणूस त्याच्या लहान यंत्रात काचेचे दोन धागे समोरासमोर धरून वितळवत होता. काका त्याच्या खांद्यावरून बघत राहिले. जोड झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या काचेत करंट नाय, मगे अर्थिंग कित्याक व्हया?" मी सांगितलं, केबलला आधार म्हणून जी पोलादी तार असते ती आकाशातली वीज ओढते आणि कपाटही लोखंडी आहे. अर्थिंगचा खड्डा कुठे घ्यायचा ते मग त्यांनीच सांगितलं. "विहिरीकडे घेवा. थंय माती मे म्हयन्यातय ओली आसता." माझा विश्वास बसेना. मागे त्यांनी मला विहिरीकडेच पाठवलं होतं. मी दोन्ही ठिकाणी सळ्या ठोकून मोजलं. विहिरीकडची जागा खरंच पुष्कळ चांगली निघाली. मी मोजत होते तोवर ते बाजूला उभे होते. मोजून झाल्यावर "बरा," एवढंच म्हणाले.

सगळं बसल्यावर बॅटऱ्यांची चाचणी घ्यायची असते. मुख्य वीज बंद करायची आणि सगळं बॅटरीवर किती वेळ चालतं ते बघत बसायचं. डॉक्टरांनी सांगितलं, चाचणीच्या कागदावर वायरमनची सही पाहिजे. सकाळी दहाला त्यांनी स्वतः स्विच खाली ओढला. मग घरून आणलेला आपला मीटर काढला, काट्याचा, काच तडकलेला. दर तासाला मी माझ्या मीटरवर वाचायचे, मग ते त्यांच्या मीटरवर, आणि दोन्ही आकडे ते आपल्या हाताने कागदावर लिहायचे.

"तुमका माज्या मीटरावर इस्वास नाय," मी म्हटलं.

"तुमचो मीटर तुमच्यासारखोच बोलतलो," ते म्हणाले.

दुपारी मी बोळातल्या बाकावर डबा खाल्ला. त्यांनी त्यांचा डबा बॅटऱ्यांच्या खोलीत, दार उघडं ठेवून खाल्ला. तीनच्या सुमाराला आकडे लिहून झाल्यावर ते उठले नाहीत. कागदाकडे बघत म्हणाले, "वादळात लाइट नाय तेवा मी रोज टोचीत होतंय तिका. माज्या हातान. सकाळी एक, रातचा एक. डाक्टरान सांगलेल्या मापान. औषध म्हनान पानी टोचीत होतंय, ता माका कळला नाय."

मी म्हटलं, "काका, माझा चुकला. लिवच्या आदी मी तुमच्याशी नीट बोलाक व्हया होता."

त्यांनी कागदावर पुढच्या आकड्यांसाठी रेघ मारली. पुढच्या वाचनाची वेळ झाली तेव्हा म्हणाले, "चार वाजले. वाचा."

मी वाचलं. त्यांनी लिहिलं.

संध्याकाळी सहाच्या आसपास ठरवल्याप्रमाणे इंटरनेटचं कपाट आपोआप बंद झालं, हिरवे दिवे विझले. औषधांचा फ्रिज चालू राहिला. मी म्हटलं, झालं आता, पुरे. ते नाही म्हणाले. फ्रिजच्या दारात नवा थर्मामीटर टांगला होता, त्याच्यावरचा आकडाही त्यांनी लिहिला आणि आणखी दीड तास मला बसवून ठेवलं. मग कागद दोनदा वाचून सही केली आणि मुख्य वीज चालू केली. मी निघताना काका पायऱ्यांपर्यंत आले, स्कूटर सुरू होईपर्यंत थांबले आणि आत गेले.

त्यांची नोटीस लेखी ताकीद देऊन बंद झाली. ती ताकीद त्यांच्या सेवापुस्तकात गेली आणि तिथेच राहणार. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांचा जुना फ्रिज टेम्पोत घालून घरी नेला, असं सिस्टरनी सांगितलं. निरोपाच्या कार्यक्रमाला मला बोलावणं नव्हतं.

मी मात्र दरवर्षी त्या रुग्णालयात बॅटऱ्या तपासायला जाते. लातूरचे डॉक्टर बदलून गेले, नवे आले. गेल्या खेपेला नव्या डॉक्टरांनी मला बोलावून आराखड्याचा कागद समोर ठेवला. "इंटरनेटच्या कामात औषधांचा फ्रिज कसा काय? हा कोणी आणि कशासाठी घातला?"

मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या पहिल्या अहवालासकट. त्यांनी मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "हे सगळं कुठे लिहिलेलं आहे?"

"पहिला अहवाल आणि कार्यालयाला दिलेली उत्तरं आहेत. उरलेलं सिस्टरना विचारा."

सिस्टरना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं. "खरा आसा ता," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून डॉक्टरांना म्हणाल्या, "आनि पयल्यांदा वर कळवल्यान ता हिनाच. ता पन सांगल्यान काय तुमका?"

"सांगितलं," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर वॉर्डात गेल्या. डॉक्टर उठले, औषधांच्या खोलीत जाऊन फ्रिज उघडला, नोंदवही काढली आणि एकेक बाटली हातात घेऊन स्वतः मोजायला लागले. मी बॅटऱ्यांच्या खोलीत गेले, पहिल्या बॅटरीचं टोपण काढलं आणि आतल्या पाण्याची पातळी बघितली.